अर्धा तास, अभ्यास सोडून

“हं, सुरू,” आई म्हणाली आणि आम्ही चौघंही गप्प झालो.

त्याआधी चांगलं बोलणं चाललं होतं. अप्पा सतरंजी कुठली घेऊ म्हणून विचारत होते, आई नागेशला नखं वाढल्याबद्दल सुनावत होती आणि मी, कोणी विचारलेलं नसताना, शेजारच्यांच्या मांजरीला पिल्लं किती झाली ते सांगत होते. ‘सुरू’ म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. परभणीच्या पाटबंधारे वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, आम्ही मांडी घालून समोरासमोर बसलो होतो. माझ्या मांडीवर गजराचं घड्याळ होतं. वेळ बघायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी सहावीत होते आणि माझ्या अभ्यासाची अजून कोणाला काळजी लागली नव्हती.

बऱ्याच वेळानं अप्पा म्हणाले, “आज ऊन फार होतं.”

“हो,” नागेश म्हणाला.

“छान,” आई म्हणाली. “अजून?”

अप्पांनी अजून काही आहे का ते शोधलं. शेवटी उद्याही ऊन असेल असं त्यांनी सांगितलं आणि नागेशनं त्यालाही हो म्हटलं. आईनं हात पुढं करून घड्याळ माझ्याकडून घेतलं, कानाला लावलं, चालू असल्याची खात्री केली आणि परत दिलं. पेरूच्या झाडावर एक कावळा बसला होता. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो, आणि तो उडून गेल्यावर तो बसला होता त्या फांदीकडे.

हे सगळं शाळेमुळं झालं होतं. नागेश, माझा मोठा भाऊ, तेव्हा आठवीत होता. आमचे मुख्याध्यापक लोहगावकर सर यांनी कुठंतरी वाचलं की हल्ली मुलांपेक्षा पालकांनाच ताण जास्त असतो. तो कमी करायचा म्हणून त्यांनी दर शनिवारी सकाळी पालकांसाठी शिबिर ठेवलं. ताण कमी करून घेणं सक्तीचं होतं. जे येणार नाहीत त्यांच्या पाल्याचं प्रगतिपत्रक दिलं जाणार नाही असं सरांनी कळवल्यामुळं सगळे पालक घाबरून वेळेच्या आधीच हजर झाले.

शिबिर घ्यायला औरंगाबादहून तांबोळी मॅडम आल्या होत्या. त्या फार हळू बोलत, त्यामुळं मागच्या रांगेतल्यांना आपलं काही महत्त्वाचं चुकतंय असं सारखं वाटत राही. ताण आला की तुम्ही काय करता, असं त्यांनी एकेकाला विचारलं. कोणी नामस्मरण सांगितलं, कोणी पहाटेचं फिरणं. आईनं वाचन सांगितलं. अप्पा म्हणाले, आपल्याला ताण येत नाही.

खरं तसं नव्हतं. अप्पांना ताण आला की ते घरातलं एखादं यंत्र उघडत. ते बिघडलेलं असायलाच पाहिजे असं नव्हतं. नागेशच्या सहामाही परीक्षेत त्यांनी मिक्सर, इस्त्री आणि टेबलफॅन उघडला होता. मिक्सर आणि इस्त्री वाचली. टेबलफॅन पुन्हा फिरायला लागला, पण त्याची मान वळेना, तेव्हापासून तो एकट्या कपाटाला वारा घालायचा. आईचं डब्यांवर होतं. फळीवरचे सगळे डबे खाली घ्यायचे, रिकामे करायचे, घासायचे, उन्हात पालथे घालायचे आणि पुन्हा भरायचे. हरभऱ्याच्या डाळीचा डबा आठवड्यात दुसऱ्यांदा निघाला की ओळखायचं, गणिताचा पेपर जवळ आलाय. दोघांचं भांडण कधी होत नसे. स्वयंपाकघरातून घासण्याचा आवाज, पुढच्या खोलीतून पान्याचा, आणि मधल्या खोलीत नागेश पुस्तक उघडं ठेवून बसलेला, असं आमचं घर परीक्षेच्या दिवसांत असायचं.

मॅडमनी पालकांना गृहपाठ दिला. रोज अर्धा तास मुलाशी बोलायचं, पण अभ्यास सोडून. शेवटच्या शनिवारी त्या मुलांनाच बोलावून विचारणार होत्या, आई-बाबांनी गृहपाठ केला का. आई शाळेत असताना कायम पहिली आलेली. लग्नानंतर तिला एकही परीक्षा मिळाली नव्हती. ती मिळाल्यावर तिचा चेहरा खुलला. मॅडमनी नुसतं अभ्यास म्हटलं होतं, आईनं घरी येईपर्यंत त्यात शाळा, शिकवणी, गुण, सर, बाई, वह्या आणि दप्तर घातलं. संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिनं लातूरही घातलं.

लातूर हा आमच्या घरातला मोठा विषय होता. अप्पांच्या ऑफिसातल्या दोघांची मुलं तिथल्या एका निवासी शाळेत होती आणि त्यांचे आई-वडील त्यांच्याबद्दल आवाज खाली आणून बोलत. नागेशलाही नववीपासून तिथं ठेवायचं ठरलं होतं. वार्षिक परीक्षा झाली की लगेच तिथले उन्हाळी वर्ग सुरू होत. शिबिराचा शेवटचा शनिवार झाला की दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळच्या गाडीनं, अप्पा त्याला पोचवायला जाणार होते. एकदा तिथं नाव घातलं की बारावीपर्यंत पोरगं फक्त दिवाळीला आणि मे महिन्यात आठ दिवस घरी, असं होतं.

विचारलं तेव्हा नागेश लगेच ‘जातो’ म्हणाला होता. इतक्या लगेच, की समजूत घालायला मुद्दे काढून बसलेल्या अप्पांना ते सांगताच आले नाहीत. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग टेबलावरचा रेडिओ जवळ ओढला. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं पहिला डबा खाली घेतला. नंतर मी नागेशला गाठून विचारलं, तुला खरंच जायचंय का. तो म्हणाला, तिथं निदान कोणी डबे घासत नसेल. मला त्याचा फार राग आला. तो जायला मला नको होता, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

तर असे आम्ही सतरंजीवर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी आई तयारी करून आली. दुपारी तिनं पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला होता आणि तिच्याजवळ विषय होते. माठ घेताना तो कसा वाजवून बघावा, यावर ती चांगलं बोलली. मग तिनं नागेशला त्याचं मत विचारलं. नागेशला माठाबद्दल मत नव्हतं. अप्पांनी त्याच्या वतीनं सांगितलं की माठ गार पाहिजे. पुढचे काही दिवस असेच गेले. पेट्रोलचे भाव झाले, मुंग्या झाल्या, आत्याचे गुडघे झाले. आत्याच्या गुडघ्यांवर आम्ही दोन संध्याकाळी काढल्या. अर्धा तास झाला की गजर वाजायचा आणि चौघंही सुटल्यासारखे उठायचो.

मग एका संध्याकाळी भिंतीपलीकडच्या रस्त्यानं वरात आली. आई काहीतरी लिंबाच्या लोणच्याबद्दल सांगत होती, तिचं बोलणं बँडमध्ये बुडालं. आम्ही बँड पुढं जायची वाट बघत बसलो. अप्पांनी मान तिरकी केली होती.

“खुळखुळेवाला ताल सोडायलाय,” ते म्हणाले.

आईनं विचारलं, तुम्हाला काय कळतं त्यातलं.

“मी वाजवायचो ना.”

बँड लांब गेला. नागेश पुढं सरकून बसला होता. अप्पा ‘नववीत असताना’ असं म्हणाले, आईनं ‘अहो’ म्हणून आठवण दिली, तेव्हा ते ‘चौदा वर्षांचा असताना’ असं म्हणाले आणि सांगायला लागले. जिंतूरला त्यांच्या गल्लीत एका लग्नाला बाहेरगावचा बँड आला होता. त्यांच्यातल्या खुळखुळेवाल्याला गालफुगी झाली होती. बँडमालकानं गर्दीतल्या पोरांकडे बघून, वाजवतो का कोणी, म्हणून विचारलं, आणि अप्पा वाजवतो म्हणाले. ते लग्न झालं. मग बँड पुढच्या गावी निघाला, तर अप्पाही टेम्पोत बसले. घरी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. लाल कोट मिळाला होता, खाली स्वतःचीच खाकी चड्डी. चौथ्या लग्नात ते नवरदेवापुढं वाजवत चालले होते आणि वऱ्हाडात त्यांचे सख्खे मामा निघाले.

“तुम्ही बँडमध्ये होतात,” आई म्हणाली.

“चार लग्नं.”

“आणि इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नाही.”

“स्थळ ठरताना तुमच्याकडच्यांनी विचारलं नव्हतं.”

नागेश हसला. तो फार हसला की शेवटी त्याला उचकी लागते. मी ती उचकी किती महिन्यांनी ऐकली ते मला सांगता आलं नसतं, पण ऐकल्यावर कळलं की मी तिची वाट बघत होते. तो विचारत राहिला, मामांनी मारलं का, कोट परत दिला का, आजोबा काय म्हणाले. आजोबा काहीच म्हणाले नव्हते. मामांचा निरोप मिळाल्यावर ते टेम्पोमागं टेम्पो धरत त्या गावी पोचले, रात्रीच्या वरातीच्या मागं मागं शेवटपर्यंत चालले, पंगतीत अप्पांच्या शेजारी बसून जेवले आणि मग म्हणाले, चल. गजर वाजला तो मी दाबला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आईला दुसरा नंबर घ्यायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी ती काही न बोलता सतरंजीवर येऊन बसली, ‘सुरू’ म्हणाली, दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की पेरूवरची सगळी पाखरं उडाली. सेलूला त्यांच्या शेतात जोंधळा राखायला ती मचाणावर बसायची, तिथं शिकली होती. शेजारचे भालेराव भिंतीवरून डोकावले आणि काय झालं म्हणून विचारायला लागले. आई पदर सावरून म्हणाली, पोरांपैकी कोणीतरी असेल. आम्ही तिघांनी माना खाली घातल्या. अप्पांचे खांदे हलत होते.

त्यानंतर नागेश सात वाजायच्या आधीच सतरंजी घालून ठेवायला लागला. तोही सांगायला लागला. अप्पांची स्कूटर कोपऱ्यावर वळली की नुसत्या आवाजावरून आज ऑफिसात काय झालं असेल ते त्याला कळतं, हे त्यानं सांगितलं. अप्पांनी नंतर दोन दिवस स्कूटर कोपऱ्यावरच बंद करून ढकलत आणली. येताना तो मुद्दाम स्टेशनवरून येतो आणि मालगाडीचे डबे जोडताना बघतो, हेही त्यानं सांगितलं. कुठून येताना, ते त्यानं गाळलं, कारण तो शब्द चालत नव्हता. आम्ही सगळे या कामात चांगलेच तरबेज झालो होतो.

घरात लातूरची तयारीही सुरू होती. अप्पांनी लोखंडी पेटी आणली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं ‘ना. द. मानवतकर’ असं लिहिलं. ते त्यांना वाकडं वाटलं म्हणून पुसून पुन्हा लिहिलं. मग अख्खी पेटीच रंगवली, आणि ती वाळली की परत रंगवायला घेतली. त्या पेटीला किती हात बसले देव जाणे. आई नागेशच्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवत होती. शर्ट, चड्ड्या, टॉवेल झाले. मग रुमाल झाले. एका दुपारी ती उशीचा अभ्रा मांडीवर घेऊन बसली होती. त्यावर पट्टी आधीच शिवलेली होती. तिनं ती उसवली, पुन्हा तिथंच लावली आणि अभ्रा तोंडाला धरून बसली. मी दारातून मागं फिरले. शंकरपाळ्या तर इतक्या केल्या की तेवढ्या संपवायला लातूरची सगळी शाळा लागली असती.

कोणी काही बोलत नव्हतं, कारण पोराला जायचंय, तोच लगेच हो म्हणालाय, असं दोघांनी धरलं होतं.

आणि मग एका संध्याकाळी, आई-अप्पा कुठल्याशा गोष्टीवर हसत असताना, नागेश म्हणाला, “आई, लातूरला...”

निषिद्ध शब्द आला की मी हात वर करायचा, असं ठरलेलं होतं. मी हात मांडीखाली दाबून धरला. पण आईचे कान तयारच असत.

“तो विषय आत्ता नाही, नागेश,” ती म्हणाली. “नंतर.”

ती रागावली नव्हती. उलट फार मायेनं म्हणाली. नागेशनं मान हलवली. मग गजर वाजला, ‘नंतर’ आलं, आई सतरंजी झटकत म्हणाली की चल, भूमितीची उजळणी राहिलीय. परीक्षा तोंडावर होती. भूमितीच्या मध्ये लातूर काढायला जागा नव्हती.

परीक्षा झाल्यावर त्यानं दुसऱ्यांदा प्रयत्न केला. या वेळी तो फार विचार करून आला होता.

“समजा,” तो म्हणाला, “एखाद्याला एका गावाला जायचं होतं. आणि मग त्याला वाटलं, नको जायला. तर त्यानं काय करावं?”

“कोणतं गाव?” अप्पांनी विचारलं.

“कोणतंही.”

“तसं नसतं. गावावर असतंय ते. रेल्वेचं गाव का एसटीचं?”

नागेशनं माझ्याकडं बघितलं. मी आईकडं. आई विचारात पडली होती. आरक्षण आधी करूच नये, असं तिचं मत पडलं. अप्पा म्हणाले, रेल्वेला करावंच लागतं, एसटीचं गाडीतही मिळतं. यावर त्यांचे मतभेद होते आणि ते जुने होते. उरलेला वेळ एसटीच्या आरक्षणात गेला. नागेश शेवटपर्यंत नीट ऐकत बसला होता. गजर वाजल्यावर तो म्हणाला, बरं, आणि उठला.

शेवटचा शनिवार आला. पेटी भरून दाराशी ठेवलेली होती. शाळेच्या सभागृहात मुलांसह सगळे पालक बसले होते. मॅडम एकेका घराला पुढं बोलवत होत्या. बहुतेक पालक नापास होते. एका वडलांनी डोळे पुसत कबूल केलं की तिसऱ्याच दिवशी त्यांनी मुलीला सतराचा पाढा विचारला. मॅडमनी त्यांना पाणी दिलं. आमचं नाव आलं तेव्हा आई ताठ बसून म्हणाली की एकही दिवस चुकला नाही, साक्षीला ही आहे. मी उभी राहिले. मग मॅडमनी माइक नागेशला दिला आणि कसं वाटलं म्हणून विचारलं.

“चांगलं,” तो म्हणाला.

“आई-बाबांनी एकदा तरी अभ्यासाचा विषय काढला?”

“नाही. मी काढला तरी बोलू दिलं नाही.”

सभागृहात टाळ्या झाल्या. सतराच्या पाढ्यावाल्यांनीही वाजवल्या. मॅडमचे हात मात्र अर्ध्यावर थांबले आणि त्या नागेशला काहीतरी विचारायला वाकल्या, तेवढ्यात लोहगावकर सरांनी माइक ताब्यात घेतला. तणावमुक्तीवर ते इतका वेळ बोलले की दोन बायका घरी दूध ठेवलंय म्हणून उठून गेल्या. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. भिंतीवरचं घड्याळ होतं, खाली शाळेचं नाव. फोटोत आई घड्याळ छातीशी धरून हसतेय, अप्पा तिच्याकडं बघतायत आणि नागेश बुटांकडं.

घरी जाताना नागेश सायकलवर पुढं गेला. मी स्कूटरवर आई-अप्पांच्या मध्ये चेपून बसले होते, माझ्या पाठीला घड्याळाचा खोका टोचत होता. जिंतूर रोडवर अप्पांनी मान मागं वळवून विचारलं, तो काय म्हणाला गं.

“कधी?”

“बोलू दिलं नाही म्हणाला.”

“नियमच होता तो,” आई म्हणाली. मग तिनं खोका आणखी जवळ ओढला, आणि घर येईपर्यंत तो माझ्या पाठीत रुतत राहिला.

दुपारी अप्पांनी नव्या घड्याळासाठी भिंतीला खिळा ठोकला आणि मग, घड्याळ नवंकोरं असूनही, त्याचं मागचं झाकण काढून आत काय आहे ते बघितलं. आईनं डबे काढले नाहीत. ती पेटीजवळच्या खुर्चीवर बसून राहिली. हे मला डब्यांपेक्षा वाईट वाटलं.

सात वाजले तशी मी सवयीनं गजराचं घड्याळ घेऊन अंगणात गेले. सतरंजी घातलेली होती. नागेश बसला होता. अप्पा आले आणि म्हणाले, आता कशाला, झालं की सगळं, पण बसले. आई आली, तीही बसली. ती ‘सुरू’ म्हणेल म्हणून आम्ही वाट बघितली. ती म्हणाली नाही.

“आता बोललं तर चालतं ना?” नागेशनं विचारलं.

“काय?”

“लातूरचं.”

आईनं माझ्या हातातल्या घड्याळाकडं बघितलं. मग ते तिनं माझ्याकडून घेतलं आणि आपल्यामागं ठेवून दिलं.

“बोल,” ती म्हणाली.

आता बोलायचं म्हटल्यावर त्याला सुधरेना. त्यानं सतरंजीचा एक दोरा ओढला, तो बोटाला गुंडाळला, परत सोडला.

“तिथं हे नसणार,” तो म्हणाला.

“काय नसणार?”

“हे.” त्यानं तळहातानं सतरंजी थोपटली.

“सतरंजी देऊ की बांधून,” अप्पा म्हणाले. “पेटीत मावंल.”

आईनं अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. अप्पा थांबले. ते नागेशकडं बघायला लागले आणि हळूहळू त्यांना कळत गेलं ते आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

“मला नाही जायचं,” नागेश म्हणाला.

“मग तेव्हा लगेच हो कामून म्हणालास?” आईनं विचारलं. तिचा आवाज फार बारीक झाला होता. “आम्ही विचारलं, तर अर्धा मिनिटसुद्धा घेतला नाहीस.”

“तेव्हा तुम्ही दोघं असं बोलत नव्हता ना.”

भिंतीपलीकडं भालेराव झाडांना पाणी घालत होते, ते थांबले आणि घाईघाईनं पुन्हा घालायला लागले. आई उठली आणि आत गेली. मला वाटलं, संपलं, आता फळीवरचा पहिला डबा निघणार. आतून खरंच डब्याचा आवाज आला. पण त्याआधी कडी काढल्याचा आला, आणि ती कडी पेटीची होती. मी तो आवाज ओळखला आणि मला रडू यायला लागलं. मी ते दाबलं नाही.

आई शंकरपाळ्यांचा मोठा डबा घेऊन बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. तिनं झाकण काढलं, डबा सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि अप्पांना म्हणाली, उद्या सकाळी त्या शाळेला फोन करून टाका. अप्पा म्हणाले, आत्ताच करतो, पण उठले नाहीत. त्यांनी एक शंकरपाळी घेतली. नागेशनं घेतली. तिला पेटीच्या रंगाचा वास लागला होता. आम्ही ती तशीच खाल्ली.

नागेश परभणीतच शिकला. गुण बेताचे पडले. आता तो नांदेडला पंप बसवायचं काम करतो आणि त्याचं बरं चाललंय. लातूरला गेला असता तर काय झाला असता, हे आमच्याकडं अजूनही अधूनमधून निघतं. त्या संध्याकाळी मात्र ते कोणी काढलं नाही.

“त्या बँडवाल्यांबरोबर अजून एक झालं होतं,” बऱ्याच वेळानं अप्पा म्हणाले.

“सांगा,” आई म्हणाली.

अप्पा सांगायला लागले. मध्येच आईच्या मागं गजर वाजला. तिनं न बघता हात मागं नेला, घड्याळ चाचपलं, गजर दाबला आणि म्हणाली, मग पुढं काय झालं.